अक्कलदाढ: आताच काढावी की लक्ष ठेवावे?

बारावीतल्या मुलीच्या एक्स-रेमध्ये खालची अक्कलदाढ आडवी दिसते, पण दुखत नाही. तेव्हा काय करावे, असा प्रश्न वणीकडच्या एका कुटुंबाला पडला आहे.

हाडात रुतलेली दाढ काढणे ही लहानशी शस्त्रक्रियाच असते. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ती खाजगी दवाखान्यापेक्षा स्वस्तात होते, परंतु एसटीचे भाडे आणि ऐन कापूस वेचणीत बुडालेली मजुरीही हिशेबात धरावी लागते. लक्ष ठेवण्याला वरकरणी खर्च नसला, तरी नियमित तपासणी लागते आणि तालुक्याला जाणे नेमके लांबणीवर पडते.

जोखमीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. या वयात दाढेची मुळे अपुरी असतात आणि जखम लवकर भरते. पुढे मुळे वाढून जबड्यातील नसेजवळ गेल्यास दाढ काढताना ओठ बधिर होण्याचा धोका वाढतो. तरीही उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० साली सांगितले की, निरोगी रुतलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. दाढ ठेवली तर पुढचे दात वाकडे होतील, ही भीती तर पुराव्यावर टिकत नाही.

काढल्यानंतर खड्ड्यातली रक्ताची गाठ टिकणे महत्त्वाचे असते. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाणाऱ्या पोरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण तंबाखूने ती टिकण्यात अडथळा येतो.

हिरडी वारंवार सुजत असेल, शेजारची दाढ किडत असेल किंवा एक्स-रेमध्ये दाढेभोवती गाठ (सिस्ट) दिसत असेल, तर परीक्षेनंतर लगेच काढणे योग्य. त्रास नसेल आणि तपासणीला जाणे खरोखर जमणार असेल, तर थांबावे.