रात्री साडेबाराची वखवख: एगराईस, गोबी, बिर्याणी, धाबा की घरचा दहीभात?

शनिवारी बार बंद झाला की बाहेर रोडवर उभं राहून जी चर्चा होते ती मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय. एकजण म्हणतो एगराईस मारूया, दुसरा म्हणतो नको गा, बिर्याणी, तिसऱ्याला हायवेचा धाबा आठवतो, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या मागनं सगळे जातात. त्या वेळी कुणाचंच डोकं जाग्यावर नसतं, म्हणून काय खायचं आणि कुठं हे संध्याकाळी सात वाजता, पहिला ग्लास भरायच्या आधी ठरवून ठेवायचं असं माझं पक्कं मत झालंय. मी बेळगावातल्या शहापूरचा, कामाला उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, आठवडाभर भट्टीसमोर उभं राहायचं आणि शनिवारी दोस्तांबरोबर बसायचं, त्यामुळं बेळगावात रात्री जे जे मिळतं ते सगळं या अवस्थेत खाऊन झालंय आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काय होतं तेही बघून झालंय.

आधी ती भूक कसली ते बघूया, नाहीतर तुलना करण्यात अर्थ नाही. जेवून बसला असाल तरी साडेबाराला वखवख सुटतेच. दारूत कॅलरी कमी नसतात, एका ग्रॅम अल्कोहोलला ७, म्हणजे ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची एक बाटली संपवली की नुसत्या अल्कोहोलच्याच २८० च्या वर कॅलरी पोटात गेल्या, तरी मेंदू म्हणतो मी उपाशी. २०१७ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उंदरांना तीन दिवस दारू देऊन बघितलं तर ते जास्त खायला लागले, आणि खऱ्या उपासात मेंदूतल्या ज्या एजीआरपी नावाच्या पेशी भूक पेटवतात त्याच पेशी दारूनं पेटलेल्या दिसल्या, त्या बंद केल्या की जास्तीचं खाणं थांबलं. त्यात लिव्हरचं वेगळंच. रात्रभर रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहणं हे लिव्हरचं काम, पण दारू आली की ते आधी दारू निस्तरायला बसतं आणि नवीन साखर बनवायचं मागं पडतं. आणि सारखं लघवीला का लागतं, तर शरीरात पाणी धरून ठेवणारं जे हार्मोन आहे ते दारूनं दबतं. पाणी गेलं, घसा कोरडा पडला, आणि ती अर्धी तहान आपण भूक समजून गाड्यावर जाऊन उभे राहतो. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन ग्लास पाणी, मग दहा मिनिटं थांबून बघा भूक किती उरते.

अजून एक, वरनं खाल्लं की उतरते असं जे सगळे सांगतात ते खोटं आहे. रक्तात गेलेली दारू ना बिर्याणीनं बाहेर येत ना कॉफीनं ना लिंबूपाण्यानं. साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल लिव्हर संपवतं, व्हिस्कीच्या ३० मिलीच्या एका पेगमध्ये १० ग्रॅमच्या आसपास असतं, तुम्ही हिशोब करा. खाण्याचा खरा उपयोग प्यायच्या आधी आणि पिताना, पोट भरलेलं असलं की दारू सावकाश चढते. रात्री एकला खायचं ते झोप लागावी, पोट जळू नये आणि सकाळी माणसात असावं म्हणून. मी तुलना करतोय ती याच हिशोबानं, चवीनं बघायला गेलात तर सगळंच भारी लागतं त्या वेळी.

एगराईस पहिला, कारण आपल्याकडं रात्रीचं सगळ्यात जास्त तेच खाल्लं जातं. गाड्यावर ती काळी कढई, खाली भुस्सकन पेटणारा बर्नर, अण्णा एका हातानं दोन अंडी फोडतो, टरफल बाजूच्या डब्यात, कांदा मिरची पडली की झारा कढईच्या कडेवर टण टण वाजतो, मग भाताचा ढीग, मसाला, सॉस, आणि प्लास्टिकचा कागद घातलेल्या प्लेटमध्ये वाफाळता भात, कडेला कांदा लिंबू. पावसात छत्री मानेत अडकवून उभ्या उभ्या खाल्लेला एगराईस ज्यानं खाल्लाय त्याला मी काय सांगणार. भात मिळतो, अंड्याचं प्रोटीन मिळतं, समोर शिजतं, त्यामुळं बाहेरच्या भातात मी यालाच वरचा नंबर देतो. पण भात कधीचा आहे हे बघा. शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्यानं सोडलेलं विष नंतर कढईत कितीही परतलं तरी जात नाही. त्यामुळं ज्या गाड्यावर गर्दी आहे, भाताचं पातेलं सारखं संपतं आणि नवीन येतं तिथंच खायचं, रात्री एकला तळाचा भात खरवडणाऱ्याकडं नाही. आणि सांगताना सरळ सांगायचं, अण्णा, ओंदू हाफ, खारा कम्मी, सॉस नको, म्हणजे एक हाफ, तिखट कमी. हाफच घ्यायचा, फुल्ल खाऊन लगेच आडवं झालात की घशाशी येतंच.

भात नको असेल तर त्याच गाड्यावर ऑम्लेट पाव किंवा भुर्जी पाव. हे खरं तर एगराईसपेक्षाही सुरक्षित, कारण अंडं तुमच्या समोर फुटतं, शिळं असायचा प्रश्न येत नाही. जवारी, म्हणजे गावठी अंडी असतील तर अजून छान. काहीजण म्हणतात अंड्यात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं म्हणून हँगओव्हर होत नाही, सिस्टीन असतं हे खरं पण दोन अंड्यांच्या ऑम्लेटनं सकाळचं डोकं वाचेल म्हणून भरवशावर राहू नका. चव आणि पोट दोन्ही बघून मी बाहेर असलो तर हल्ली हेच खातो.

गोबी मंच्युरीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. आपल्या भागात पोरं ती चकण्यालाही खातात आणि नंतर भूक लागली म्हणूनही खातात, लालभडक, तेलात तळून परत सॉसमध्ये घोळलेली. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबीत कृत्रिम रंग घालायला बंदी केली, त्याआधी राज्यभरातनं १७१ नमुने तपासले त्यातले १०७ असुरक्षित निघाले, टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन असले रंग सापडले. त्यानंतर बऱ्याच गाड्यांवर गोबी फिकट दिसायला लागली, ही चांगली गोष्ट झाली, पण अजून कुठं अंधारात चमकणारी लाल गोबी दिसली तर तिथनं पुढं जा. आणि रंग नसला तरी दारूनंतर ही माझ्या यादीत खालीच. दारूनं अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप आधीच ढिली पडलेली असते, त्यावर तळलेलं, तिखट, व्हिनेगर घातलेलं पडलं आणि माणूस आडवा झाला की आम्ल वर येणारच. गेल्या गटारीला मी हे अनुभवलंय, दोन प्लेट गोबी खाऊन साडेबाराला झोपलो, तीनला उठून बसलो ते सकाळपर्यंत छातीत निखारा ठेवल्यासारखं, आई उठून विचारते काय झालं रे, पाणी देऊ काय, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

बिर्याणीचं थोडक्यात सांगतो. संध्याकाळी सातला उघडलेला हंडा रात्री एकला कुठल्या अवस्थेत असतो त्यावर सगळं आहे. तेल तूप मसाला जड, मांस पचायला वेळ लागतो, भाताचं वर सांगितलंच. खायचीच असेल तर नऊ वाजता, पिता पिताच अर्धी प्लेट खा, तेव्हा ती खरंच उपयोगाची. एक वाजता नको.

आता धाबा. यावर मी भांडायला तयार आहे. पुणे-बंगळूर हायवेला निपाणीच्या बाजूला नाहीतर वेंगुर्ला रोडनं शिनोळीकडं, जेवण चांगलं मिळतं यात वाद नाही, तंदूर रोटी, दाल तडका, गरम गरम, जाणत्या माणसानं निवडावं असंच जेवण. पण तिथं जाणार कसं? रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे, पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि हद्द ओलांडून महाराष्ट्रात गेलात म्हणून कायदा बदलत नाही. दंडाचं सोडा हो. माझा मावसभाऊ असाच रात्री पाऊण वाजता दालखिचडी खायला म्हणून निघाला, पावसाची बुरबुर, वळणावर गाडी घसरली, घोट्याचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर, आणि मागं बसलेल्या पोराच्या कपाळावर अजून खूण आहे. त्या रात्री मी पण तिथं होतो, मी म्हणालो होतो जाऊया मा, काय होतंय. ते वाक्य मला अजून टोचतं. त्यामुळं धाब्याला जायचं असेल तर एकजण न प्यायलेला पाहिजे आणि तो कोण हे संध्याकाळीच ठरलेलं पाहिजे, चावी त्याच्याच खिशात. तसा माणूस नसेल तर चालत जाता येतं तेवढंच तुमचं हॉटेल.

ज्यांना शुगर आहे त्यांच्यासाठी तुलना वेगळी होते. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर दारूनंतर रात्री झोपेत शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि घाम, थरथर, बरळणं हे सगळं बघणाऱ्याला चढलीय असंच वाटतं. अशा माणसानं भूक नसली तरी काहीतरी भात, पाव, भाकरी खाऊनच झोपायचं आणि घरात कुणाला तरी सांगून झोपायचं. पिणं कितपत चालेल हे डॉक्टरला आधीच विचारलेलं बरं. आणि डोकं दुखतंय म्हणून खाण्याबरोबर पॅरासिटामॉल घ्यायची सवय असेल तर ती सोडा, लिव्हरवर दुहेरी ओझं पडतं, ॲस्पिरिन आयबुप्रोफेन पोटाला त्रास देतात.

ज्याला उलट्या होतायत त्याला काहीच खायला घालू नका, आग्रहानं तर नाहीच. कुशीवर झोपवा, उताणा नको, आणि एकटं सोडू नका. हाक मारून जागा होत नसेल किंवा श्वास फार सावकाश चालला असेल तर खायचा विषय संपला, १०८ ला फोन करा.

आता घरचं, आणि माझी निवड हीच. दहीभात आणि नाचण्याची आंबील हे दोन्ही आपल्या घरात असतंच, खानापूर चंदगडकडच्या लोकांना तर आंबील सांगायलाच नको. भातानं साखर सावरते, मिठानं आणि ताकानं पाणी परत येतं, तेल नाही, तिखट नाही, थंड असल्यामुळं घशाखाली सहज उतरतं, आणि मुख्य म्हणजे गॅस पेटवायला लागत नाही. प्यायलेल्या माणसानं रात्री एकला तेलाची कढई तापवणं हा धोकाच आहे, मॅगी करतो म्हणून पातेलं ठेवून झोपलेला माणूस मी बघितलाय, शेजाऱ्यांनी धूर बघून दार वाजवलं म्हणून वाचला. चवीला एगराईसच्या पुढं दहीभात फिका वाटेल हे मान्य, पहिल्या दोन वेळा मलाही वाटलं. तिसऱ्या वेळी रविवारी सकाळी आठला उठून डोकं हलकं होतं तेव्हा पटलं.

करायचं कसं ते सांगतो, कारण संध्याकाळी केलं नाही तर रात्री होत नाही. दुपारचा भात चालतो पण तो दिवसभर ओट्यावर राहिलेला नको, थंड झाला की लगेच फ्रिजमध्ये. निघायच्या आधी भात हातानं मऊ करायचा, त्यात दह्याइतकंच दूध घालायचं म्हणजे रात्रीपर्यंत आंबट होत नाही, मीठ, थोडं किसलेलं आलं, वरनं मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी गार करून. डबा फ्रिजमध्ये पुढच्या बाजूला ठेवा, चमचा डब्यावरच, म्हणजे अंधारात भांडी वाजत नाहीत आणि घरातले उठत नाहीत. आंबील करणार असाल तर नाचण्याचं पीठ पाण्यात कालवून शिजवा, गार झालं की ताक, मीठ, ठेचलेला लसूण घालून बाटलीत भरून ठेवा, ज्याला चावायचाही कंटाळा आलाय त्याला हे सोपं जातं. सोबत लोणचं घ्यायचं असेल तर लिंबाचं, एकच फोड, मिरचीचं नको.