डीएसआयचा नॅन्ड बॅकअप मेलनडीएसवर : आठ महिन्यांचा अनुभव

निन्टेंडोचा डीएसआय हा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल २००८ साली जपानमध्ये आला. माझ्याकडच्या डीएसआयची बिजागरी सैल झाली असून वरचा पडदा अधूनमधून पांढरा पडतो. त्याचे ऑनलाइन दुकान ३१ मार्च २०१७ रोजी बंद झाल्यामुळे तेथून घेतलेले दोन खेळ आणि भाचीचे काही फोटो एवढा ऐवज आता फक्त आतल्या २५६ एमबीच्या नॅन्ड (साठवणीच्या) चिपमध्ये उरला होता. म्हणून तिचा पूर्ण बॅकअप घेतला आणि गेले आठ महिने तो मेलनडीएस या एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, वापरतो आहे.

फाइल २५,१६,५८,३०४ बाइटांची आहे आणि सगळी गंमत तिच्या शेवटच्या ६४ बाइटांत आहे. चिपमधील मजकूर त्या एका यंत्राच्याच किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. ती किल्ली ज्या दोन ओळखक्रमांकांवरून काढतात, ते या शेपटात नोंदलेले असतात. शेपूट नसेल, तर एम्युलेटर फाइल स्वीकारतच नाही. शिवाय यंत्रातल्या दोन्ही प्रोसेसरांचे बायोस आणि फर्मवेअर (यंत्र सुरू करणारे आतले प्रोग्रॅम) लागतात. तेही मी माझ्याच यंत्रातून काढले.

मेनू पहिल्यांदा उघडला आणि माझे टोपणनाव दिसले, तेव्हा मी बॅकअप नव्हे, तर यंत्रच वापरतो आहे हे उमगायला हवे होते. एम्युलेटर त्याच फाइलमध्ये लिहीत असतो. तिसऱ्या महिन्यात खेळ चालू असतानाच लॅपटॉपची बॅटरी संपली आणि दुसऱ्या दिवशी मेनूऐवजी काळा पडदा आला. चूक सर्वस्वी माझी. सुदैवाने मूळ प्रत पेनड्राइव्हवर होती. तिचा एसएचए-१ (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा, ती बदलली नसल्याची खात्री देणारा आकडा) पहिल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहिला, तो जुळला, आणि तिची नवी प्रत काढून पुन्हा सुरुवात केली. अर्थात मधल्या तीन महिन्यांची प्रगती गेली ती गेलीच. तेव्हापासून दर रविवारी खेळांचे सेव्ह (प्रगतीच्या नोंदी) एम्युलेटरच्या टायटल मॅनेजरमधून वेगळे काढून ठेवतो.

डीएसआयच्या आधीच्या साध्या डीएस यंत्राच्या खेळांसाठी हा खटाटोप करू नये; ते नॅन्डशिवाय नेहमीच्या डीएस मोडमध्ये उत्तम चालतात. फोटो मात्र कॅमेऱ्याच्या मेनूत व्यवस्थित उघडले. कॅमेरा ०.३ मेगापिक्सेलचा, त्यामुळे मोठ्या पडद्यावर भाचीचे नाक चौकोनी दिसते, याबद्दल तिची तक्रार आहे.

एम्युलेटरमध्ये बदललेली फाइल उलट यंत्रावर चढवण्याचा प्रयोग मी केलेला नाही, करणारही नाही.