लिव्हरपूल की आर्सेनल? उन्हाळी खरेदी बघून एक जर्सी ठरवताना

भाऊबीजेला औंधला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झालं तसा भाचा जवळ येऊन बसला. "मामा, मला यंदा कपडे नकोत, इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची जर्सी घे. पण लिव्हरपूलची की आर्सेनलची, ते तू सांग." आदल्या मध्यरात्री लिव्हरपूलने जर्मनीच्या फ्रँकफर्टला ५-१ हरवलं होतं. ती मॅच बघून माझे डोळे चुरचुरत होते, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलंच होतं. पण त्याने पुढे जे विचारलं त्यावर मी गप्प झालो. "कोणाचा इतिहास मोठा ते नको सांगू. यंदा कोणी शहाणपणाने माणसं घेतली, ते सांग."

मी २००५ च्या इस्तंबूलच्या अंतिम सामन्याच्या रात्रीपासून लिव्हरपूलचा. मध्यंतराला ०-३ मागे असलेला संघ पेनल्टीवर युरोपचा विजेता झाला, आणि वडील उठून ओरडू नयेत म्हणून मी उशीत तोंड खुपसून ओरडलो होतो. त्यामुळे पुढचं सगळं मनावर दगड ठेवून लिहितोय. आज २८ नोव्हेंबर २०२५. प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या लीगचे, बारा सामने झालेत, भाच्याला अजून उत्तर दिलेलं नाही, आणि जर्सीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत.

आधी आकडे सांगून टाकतो, कारण आमच्या रविवारच्या टर्फवर भांडण तिथूनच सुरू होतं. लिव्हरपूलने या उन्हाळ्यात ४० कोटी पौंडांहून अधिक खर्च केले. फ्लोरियान व्हर्ट्झ १० कोटी आणि वर बोनस, अलेक्झांडर इसाक साडेबारा कोटी, म्हणजे ब्रिटिश क्लबने मोजलेली आजवरची सर्वांत मोठी रक्कम. शिवाय उगो एकिटिके, मिलोश केर्केझ, जेरेमी फ्रिम्पाँग, जोवान्नी लिओनी. याच क्लबने २०२४ च्या उन्हाळ्यात पहिल्या संघासाठी एकटा किएझा आणला होता, तोही जेमतेम कोटीभर पौंडांत, आणि मे २०२५ मध्ये लीगचं विसावं विजेतेपद उचललं होतं. आर्सेनलचा खर्च २५ कोटींच्या घरात. व्हिक्टर ग्योकेरेश, मार्टिन सुबिमेंदी, एबेरेची एझे, नोनी मदुएके, मोस्केरा, नॉरगार्ड, राखीव गोलकीपर म्हणून केपा, आणि शेवटच्या दिवशी लोनवर, म्हणजे उसना, इन्कापिए.

नुसत्या नावांची यादी वाचली तर कोणीही लिव्हरपूललाच मत देईल. १ सप्टेंबरला आम्हीही दिलं होतं. त्या दिवशी घरी गौरीपूजन होतं. खेळाडू-खरेदीची मुदत, म्हणजे विंडो, आपल्याकडच्या रात्री साडेअकराला बंद होणार होती. पुरणपोळीवर तुपाची धार पडत होती आणि आम्ही तिघं चुलतभाऊ ताटाच्या कडेला फोन ठेवून बसलो होतो. इसाकचं नक्की झाल्याची बातमी आली तेव्हा आतल्या खोलीतून काकू विचारायला आल्या, कोणाचं लग्न ठरलं का. मग कळलं की क्रिस्टल पॅलेसचा मार्क गेही येणार नाही. त्याची वैद्यकीय तपासणीसुद्धा झाली होती, पण पॅलेसला बदली माणूस मिळाला नाही आणि त्यांनी व्यवहार मोडला. इसाकच्या आनंदात आम्ही त्या बातमीकडे नीट बघितलंच नाही. आज वाटतं, त्या रात्रीची खरी मोठी बातमी तीच होती.

आता मुद्द्यावर येतो. कोण आलं याच्या आधी कोण गेलं ते बघायचं, हे मी इंग्लंडकडून नाही, बालेवाडीत शिकलो. २०१७ मध्ये एफसी पुणे सिटीने दिल्लीकडून खेळलेला मार्सेलिन्यो आणि नॉर्थईस्टकडून खेळलेला अल्फारो घेतला. दोघंही इंडियन सुपर लीगमध्ये मुरलेले. प्रशिक्षक रँको पोपोविच यांनी त्यांच्याभोवती संघ बांधला आणि पुणे पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेलं. मार्च २०१८ मधली बंगळुरूविरुद्धची ती घरची मॅच ०-० सुटली तेव्हा भाचा नऊ वर्षांचा होता आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर उभा होता. परतीच्या सामन्यात छेत्रीने हॅटट्रिक केली आणि आपण बाहेर पडलो. पुढच्या मोसमात मार्सेलिन्यो होता, अल्फारो होता, वर इयन ह्यूमही आला. पण पोपोविच गेले. नवे प्रशिक्षक मोसमाच्या सुरुवातीलाच गेले. माणसं तीच, किंबहुना यादी जास्त भारी, पण एकाचा पाय कुठे पडणार हे दुसऱ्याला कळेना. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली. हे दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि जाऊही नये असं वाटतं. तेव्हापासून मी संघाकडे बघताना सांधे बघतो.

लिव्हरपूलचा सगळ्यात महत्त्वाचा सांधा उजवीकडे होता. गेल्या मोसमात सलाहने लीगमध्ये २९ गोल केले आणि १८ करून दिले. त्याच्या मागे ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड होता. ट्रेंट लहानपणापासून याच क्लबात वाढलेला. सलाह धावायला लागायच्या आधीच याचा पास सुटलेला असायचा. करार संपत आला आणि तो रियल माद्रिदला गेला. बदल्यात एक कोटी युरो मिळाले, तेही क्लब वर्ल्ड कपसाठी महिनाभर आधी सोडलं म्हणून. त्याच्या जागी घेतलेला फ्रिम्पाँग वाऱ्यासारखा पळतो, पण जर्मनीच्या लेव्हरकूसेनमध्ये त्याच्या मागे तीन बचावपटू असायचे आणि तो जवळजवळ विंगरच, म्हणजे कडेचा आक्रमकच होता. इथे त्याला मागेही उभं राहायचंय आणि पुढेही जायचंय. पहिल्याच मॅचमध्ये त्याचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दुखावला. मग कोण? सोबोस्लाई. मिडफिल्डमधला, म्हणजे मधल्या फळीतला, सर्वांत चांगला माणूस उजव्या बॅकला, म्हणजे बचावात.

हे मी नीट बघितलंय. ३१ ऑगस्टला, गौरी आल्या त्या रात्री नऊला, हेच दोन संघ लिव्हरपूलच्या घरच्या अ‍ॅनफिल्डवर समोरासमोर होते. सोबोस्लाई उजव्या बॅकला खेळला आणि ८३ व्या मिनिटाला लांबून अशी फ्रीकिक मारली की चेंडू खांबाला आतून घासून गेला. १-० जिंकलो. पहिले पाचही सामने जिंकले, त्यांतले चार असेच, शेवटच्या मिनिटांत हिसकावून. तेव्हा भाच्याने विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून उत्तर दिलं असतं. पण ज्या माणसाने मिडफिल्ड बांधून ठेवायचं तो बॅकला आहे, याचा अर्थ मिडफिल्ड उघडं आहे, हे त्या फ्रीकिकमागे झाकलं गेलं.

व्हर्ट्झबद्दल मला आशा आहे आणि ती मी सोडणार नाही. चेंडू घेताना तो आधीच मान वळवून मागे बघून घेतो, हे अंगातच असावं लागतं. पण गेल्या वर्षी ग्रावेनबर्ख, मॅकअ‍ॅलिस्टर, सोबोस्लाई हे तिघं एकमेकांच्या मागे धावून जागा भरत होते. त्यात चौथा माणूस दहा नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकरच्या मागच्या, जागी बसवला की कोणाला तरी हलावं लागतं. लीगमध्ये त्याचा अजून एकही गोल नाही. इसाकचाही नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. न्यूकॅसलमधून सुटका व्हावी म्हणून त्याने उन्हाळाभर संघाबरोबर सराव केला नाही. गेल्या मोसमात लीगमध्ये २३ गोल केलेला माणूस सप्टेंबरमध्ये मोसमपूर्व तयारी करत होता. त्याच वेळी डावीकडून लुईस डियाझ साडेसात कोटी युरोंना बायर्नला विकला. डियाझचे गोल सगळ्यांना आठवतात, पण समोरच्या बॅकच्या अंगावर नव्वद मिनिटं धावून जाणारा तो होता. ती धाव विकत मिळत नाही. नून्येझ सौदीला गेला, क्वान्सा लेव्हरकूसेनला. गेही आला नाही, आणि अठरा वर्षांच्या लिओनीचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला. म्हणजे चाळीस कोटी खर्चून मधल्या बचावाला कोनाते आणि व्हॅन डाइक यांच्यामागे पुन्हा तीच चणचण.

आणि डिओगो जोटा. ३ जुलैला स्पेनमध्ये मोटार अपघातात तो आणि त्याचा भाऊ गेला. त्याला मी आल्या-गेल्यांच्या हिशेबात धरत नाही, कोणी धरूही नये. वीस नंबर क्लबने कायमचा बाजूला ठेवलाय. पण ज्या ड्रेसिंगरूममध्ये इतके नवे चेहरे आले, तिथेच ही खुर्ची रिकामी होती, हे विसरून कोणी व्हर्ट्झला किंवा सलाहला शिव्या देत असेल तर मला ते सहन होत नाही. टर्फवर यावरून मी एकदा खरंच भांडलो आहे.

आर्सेनलकडे बघितलं की वेगळंच चित्र. राया, सालिबा, गॅब्रिएल, टिंबर, राइस, ओडेगार्ड, साका. कणा जसाच्या तसा. मिडफिल्डर थॉमस पार्टीचा करार संपला, त्याच्याच जागी सुबिमेंदी. एक गेला, एक आला, आणि आलेला त्याच कामात अधिक नेमका. गेल्या मोसमात हावर्ट्झ आणि जेझुस दोघं दुखावले तेव्हा प्रशिक्षक आर्तेताला मिडफिल्डरला, मेरिनोला, स्ट्रायकर म्हणून उभं करावं लागलं होतं. तीन वर्षं सलग दुसरा नंबर येण्यामागे हेच होतं: पहिले अकरा उत्तम, बारावा-तेरावा माणूस नाही. यंदाची त्यांची जवळपास प्रत्येक खरेदी त्या एका दुखण्यावरचं औषध आहे. साकाला विश्रांती हवी तर मदुएके. सालिबा नसला तर मोस्केरा. ऑगस्टमध्ये हावर्ट्झचा गुडघा गेला आणि चार-पाच दिवसांत एझे आला, तोही टॉटनहॅमकडे जवळजवळ पोचलेला. एझेला तेराव्या वर्षी आर्सेनलच्याच अकादमीने घरी पाठवलं होतं.

ग्योकेरेशबद्दल मात्र मी अजून साशंक आहे. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगसाठी गेल्या मोसमात लीगच्या ३३ सामन्यांत ३९ गोल, हा आकडा डोळे दिपवतो. पण पोर्तुगालमध्ये बचावामागे जितकी मोकळी जागा त्याला मिळायची तितकी इथे मिळत नाही, आणि महिन्याच्या सुरुवातीला तो स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला. गंमत अशी की त्याच्यावाचून आर्सेनलचं अडलं नाही. कॉर्नरवर गॅब्रिएल आहे, मेरिनो पुन्हा पुढे आहे.

मागचा आठवडा सांगतो, म्हणजे फरक कळेल. शनिवारी रात्री साडेआठला लिव्हरपूल घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-३ हरला. सात लीग सामन्यांतला सहावा पराभव. रविवारी रात्री दहाला आर्सेनलने टॉटनहॅमला ४-१ हरवलं, एझेची हॅटट्रिक. बुधवारी मध्यरात्री दीडला मी एकटा उठून बसलो आणि चॅम्पियन्स लीगमध्ये नेदरलँड्सच्या पीएसव्हीने अ‍ॅनफिल्डवर चार मारले. दिवा न लावता टीव्ही बंद केला. सकाळी ऑफिसला जाताना अमृततुल्यवर थांबलो तर आमच्या टर्फवरचा आर्सेनलवाला आधीच उभा होता. काही बोलला नाही, माझ्या चहाचे पैसे दिले. बारा सामन्यांनंतर त्यांचे २९ गुण, आमचे १८.

तेव्हा भाच्या, उत्तर असं. यंदाची खरेदी हाच तुझा निकष असेल तर आर्सेनल. मला हे लिहिताना त्रास होतोय, पण खरं तेच. त्यांनी आपलं दुखणं ओळखून माणसं घेतली. आम्ही चालता संघ उघडून अर्धा बदलला. यंदा तुला दर शनिवारी जिंकणारा, बाकावर पर्याय असलेला, कोण कुठे खेळणार हे आधीच सांगता येईल असा संघ बघायचा असेल, तर दुसरा विचार करू नकोस.

पण तू पाच-सहा वर्षांचा विचार करत असशील तर पारडं थोडं हलतं. व्हर्ट्झ बावीसचा, केर्केझ बावीसचा, एकिटिके तेवीसचा. सलाह आणि व्हॅन डाइक तिशीच्या बरेच पुढे गेलेत, म्हणजे संघ आज ना उद्या बदलावा लागणारच होता. एकाच उन्हाळ्यात सगळं केलं हे चुकलं, घेतलेली माणसं चुकली असं मी म्हणणार नाही. एकिटिके तर पैसे वसूल करतोय. हे सांधे जुळताना बघायचे असतील, आणि तोवर अशा बुधवारच्या रात्री काढायची तयारी असेल, तर माझ्या शेजारी ये.

किमतीत फरक नाही. लिव्हरपूलही यंदापासून आदिदासकडे आलाय, दोन्ही शर्ट एकाच दुकानात मिळतील. मात्र पाठीवर नव्या माणसाचं नाव घालू नकोस. आर्सेनलची घेतलीस तर राइस, ४१. लिव्हरपूलची घेतलीस तर सोबोस्लाई, ८. परवा रविवारी साडेसातला लिव्हरपूल वेस्ट हॅमशी आहे, दहाला आर्सेनल चेल्सीशी. दोन्ही माझ्याकडे बघू. येताना आईला सांगून ये, रात्री इथेच राहशील. सोमवारी संध्याकाळी दुकानात जाऊ.