कोडीसाठी ब्लूटूथ रिमोट: आबांच्या हाताला बसला

राजारामपुरीतल्या दुकानातून घेतलेला हा साधा ब्लूटूथ रिमोट आमच्या रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणक-बोर्डवर, कोडी या व्हिडिओ-गाणी चालवणाऱ्या ॲपसाठी लई भारी चालतोय. इन्फ्रारेडसारखा समोर रोखून धरावा लागत नाही, त्यामुळं बोर्ड सरळ टीव्हीच्या मागं चिकटवला. आबा पांघरुणाखालूनच कुस्त्यांचे व्हिडिओ पुढं-मागं करतात, एखादा डाव परत परत बघतात! बटणं मोठी, अंधारातही बोटाला कळणारी.

लिब्रेइलेकच्या (बोर्डावर कोडी चालवणाऱ्या सिस्टिमच्या) सेटिंगमध्ये ब्लूटूथ चालू करा, रिमोट पेअरिंगला लावा, यादीत नाव आलं की जोडा. पण 'ट्रस्ट' (विश्वासू म्हणून कायमची परवानगी) द्याच, नाहीतर रीस्टार्टनंतर तो आपणहून जोडला जात नाही. मेनूचं बटण कीमॅप एडिटरमधून (कुठलं बटण काय करेल ते ठरवणाऱ्या कोडीच्या ॲड-ऑनमधून) हवं तसं लावून घेतलं. पूर्ण बंद केलेला बोर्ड मात्र यानं सुरू होत नाही, म्हणून आम्ही तो चालूच ठेवतो.