ब्लड बोल ३ : हिशेब चोख, पण दुकानदारी जास्त

टेबलावरचे मिनिएचर (छोट्या मूर्तींचे) युद्धखेळ संगणकावर आणावेत का? खेळ कोणता, त्यावर आहे. वॉरहॅमर ४०,००० मध्ये टेप लावून इंच मोजायचे, मूर्तीच्या उंचीपर्यंत वाकून समोरचा दिसतो का ते बघायचं. तो जसाच्या तसा पडद्यावर आणण्यात अर्थ नाही. ब्लड बोल मात्र, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या धर्तीचा काल्पनिक दुनियेतला धक्काबुक्कीचा खेळ, आणायलाच हवा होता. गेम्स वर्कशॉपच्या १९८६ च्या या खेळाचं मैदान २६ बाय १५ चौकोनांचं, दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू, प्रत्येक हाफमध्ये आठ टर्न (पाळ्या). मोजमापाचा वादच नाही.

सायनाइड कंपनीचा २०२३ चा संगणक गेम ‘ब्लड बोल ३’ २०२० च्या नियमांवर चालतो. त्याचं खरं काम हिशेबाचं. ब्लॉक करताना, म्हणजे लगतच्या विरोधी खेळाडूला फासे टाकून पाडायला जाताना, असिस्ट, म्हणजे साथीदाराची मदत, कोणाचा धरायचा, कोणाचा नाही (जो दुसऱ्या कोणाच्या टॅकल झोनमध्ये, म्हणजे विरोधी खेळाडूच्या लगतच्या चौकोनांत, अडकलाय त्याचा सहसा नाही), यावर टेबलावर हमखास हुज्जत होते. इथे ब्लॉक करण्याआधीच किती फासे पडणार आणि त्यातला एक निवडायचा हक्क कोणाचा, हे समोर दिसतं.

फासे मात्र तुमची दया करत नाहीत. दोन फाशांचा ब्लॉक, निवड तुमची, पण खेळाडूच्या अंगात ‘ब्लॉक’ याच नावाचं स्किल नाही : टर्नओव्हरची (टर्न तिथेच संपण्याची) शक्यता ९ पैकी १. स्किल असेल तर ३६ पैकी १. म्हणून आधी पडलेले खेळाडू उठवा, मोकळे खेळाडू जागेवर न्या, मग स्किलवाल्यांचे ब्लॉक, आणि डॉज (टॅकल झोनमधून निसटणं) अगदी शेवटी. ३+ चे (फाशावर तीन किंवा जास्त लागणारे) दोन डॉज लागोपाठ साधण्याची शक्यता ४४ टक्केच. नवखे नेमके तिथूनच सुरुवात करतात आणि ‘गेम फासे फिरवतो’ म्हणून ओरडतात.

दुसरी नेहमीची चूक माऊसची. लांबच्या चौकोनावर थेट क्लिक केलं की वाट कुठून जाते याकडे लक्ष राहत नाही, आणि ती टॅकल झोनला घासून गेली की फुकटचा डॉज गळ्यात पडतो. गर्दीत एकेक चौकोन चाला. टेबलावर समोरचा भला माणूस ‘घे परत’ म्हणतो, इथे तशी सोय नाही.

आता कटकटी. सुरुवातीला बाराच संघ आणि सजावटीच्या सामानासाठी वार्पस्टोन नावाचं खऱ्या पैशांनी घ्यायचं चलन. पूर्ण किंमत मोजलेल्या गेममध्ये ही दुकानदारी खटकते. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर तेव्हा लोकांनी झोडपला ते उगाच नाही. संगणकाचा संघ कच्चा खेळतो, त्यामुळे खरी मजा माणसांच्या लीगमध्येच. आणि लीग कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद, लीग बंद. १९८८ च्या आवृत्तीतलं थर्माकोलचं मैदान आजही मांडून खेळता येतं, हा फरक विकत घेताना लक्षात असू द्या.

नियम शिकायला आणि परगावच्या भिडूंबरोबर खेळायला गेम घ्यावा. मूर्ती चिकटवण्या-रंगवण्याचा नाद असेल तर त्याची भूक यावर भागणार नाही. पहिला संघ ह्यूमन किंवा ऑर्क घ्या, आणि खेळातल्या दहा लाखांच्या बजेटमधून रिरोल (फासे पुन्हा टाकायची सोय) सुरुवातीलाच उचला. ह्यूमन संघाला एक ५०,००० ला पडतो. तोच लीग सुरू झाल्यावर दुप्पट.