शार्ल द गॉल ते डिस्नेलँड, बॅगा मोजत मोजत

प्रवास बरा झाला की नाही हे ठरवायचं माझ्या सासूबाईंचं माप एकच आहे: बॅगा किती वेळा उचलाव्या लागल्या. वय एकाहत्तर, उजवा गुडघा रुसलेला, त्यामुळे बॅगा त्या स्वतः उचलत नाहीत, पण मोजणी चोख ठेवतात. २०२५च्या मे महिन्यात आम्ही चौघं (मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई, म्हणजे सासूबाई) पॅरिसच्या डिस्नेलँडला जाऊन आलो. शार्ल द गॉल विमानतळावरून हॉटेलला कसं जायचं यावर घरात विमानाच्या तिकिटांपेक्षा जास्त चर्चा झाली होती. नेटवर याबद्दल जे सापडतं ते बहुतेक एकट्यादुकट्या पाठपिशवीवाल्यांनी लिहिलेलं असतं. चार बॅगा, एक म्हातारं माणूस आणि एक झोपमोड झालेलं पोर असं बिऱ्हाड असलेल्यांसाठी हे लिहितेय.

आधी भाड्याच्या गाडीचं बोलून टाकते. नवऱ्याला गाडी चालवायची हौस होती, इंटरनॅशनल परमिटही काढून झालं होतं. पण रात्रभर विमानात डोळा न लागलेल्या माणसाने, डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या गाडीत बसून, रस्त्याच्या उजव्या बाजूने, पॅरिसभोवतीच्या सकाळच्या गर्दीत घुसायचं? आणि पोचल्यावर तीन दिवस ती गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभीच राहणार, कारण पार्कपर्यंत फुकट बस आहे. आई म्हणाल्या, "उभ्या गाडीचं भाडं कशाला भरतोस रे?" विषय संपला. एक अपवाद मात्र सांगून ठेवते. डिस्नेच्या हॉटेलांमध्ये 'डेव्ही क्रॉकेट रँच' नावाची जंगलातली केबिनवाली जागा आहे. फोटो फार गोड आहेत, पण तिथे ती फुकट बस जात नाही. गाडी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

आम्ही घरूनच एक व्हॅन बुक केली होती. कंपनीचं नाव घेत नाही. चौघांचे मिळून साधारण नव्वद युरो, दारापासून दारापर्यंत, आईंच्या हिशोबात फक्त दोन उचली: एकदा व्हॅनमध्ये, एकदा बाहेर. कागदावर याच्यासारखं सुख नाही. विमान टर्मिनल २ईला लागलं. पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, सगळं उरकून बाहेर आलो तर नावाच्या पाट्या धरलेली वीसेक माणसं उभी, पण आमचं नाव कोणाच्याच हातात नाही. फोन लावला. ड्रायव्हर म्हणे "मी आलोय." कुठे? तर दुसऱ्याच टर्मिनलवर. दहा मिनिटांचे वीस झाले, विसाचे चाळीस. मग मेसेज आला की थांबण्याची वेळ संपल्यामुळे फेरी रद्द, वर जादा आकार द्यायचा असेल तर नवी गाडी पाठवतो. इथे नवऱ्याचा आवाज चढला आणि मुलाने जमिनीवर बसकण मारली.

एवढ्यात एक सुटाबुटातला माणूस जवळ येऊन "टॅक्सी? डिस्नेलँड?" असं हळूच विचारून गेला. अशांच्या मागे जायचं नाही. अधिकृत टॅक्सीची रांग बाहेर असते, पाटी बघून तिथेच उभं राहायचं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: विमानतळावरच्या टॅक्सीचं जे ठरलेलं भाडं आपण ऐकतो, ते फक्त पॅरिस शहरापर्यंतचं आहे. डिस्नेलँड शहराच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, म्हणजे तिथे मीटर चालतं. गर्दीत अडकलात तर मीटर तुमच्यासाठी थांबत नाही.

तेव्हा शेवटी केलं ते, जे मी पहिल्यापासून सांगत होते (हे वाक्य नवऱ्यासाठी). खाली उतरलो आणि ट्रेन पकडली.

विमानतळाच्या टर्मिनल २च्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. वर काचेचं मोठं छत, खाली फलाट, आणि त्या फलाटांवरून फ्रान्सभर जाणाऱ्या टीजीव्ही, म्हणजे तिथल्या वेगवान गाड्या, सुटतात. त्यातल्या दक्षिणेकडे जाणाऱ्या काही गाड्या थेट डिस्नेलँडच्या दाराशी थांबतात. पार्क १२ एप्रिल १९९२ला उघडला आणि दोनच वर्षांत, १९९४ मध्ये, हा वेगवान रेल्वेमार्ग तिथून गेला. प्रवास दहा मिनिटांचा. हो, दहाच. रस्त्याने पाऊण तास ते दीड तास, जशी गर्दी असेल तसा.

आता मेख. या गाड्या लोकलसारख्या एकीमागून एक येत नाहीत. कधी लागोपाठ दोन, मग दोन-दोन तास काही नाही. आम्ही यंत्रापाशी गेलो तेव्हा पुढची गाडी एक तास चाळीस मिनिटांनी होती. तिकीट आयत्या वेळी काढल्यामुळे मोठ्यांना माणशी वीसेक युरो पडले, मुलाचं कमी. आधी काढलं तर बरंच स्वस्त मिळतं. पण आधी काढायचं म्हणजे विमान वेळेवर उतरेल यावर पैज लावायची, आणि माझ्या मते विमान उतरायच्या वेळेनंतर निदान अडीच तासांची गाडी धरावी. त्याहून आधीची धरली की सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून घड्याळाकडे बघत जीव जातो.

यंत्रावर एक फजिती झाली ती सांगते, तुमची वाचेल. नवऱ्याचं कार्ड चालेना. दुसरं घातलं, तेही नाही. मग लक्षात आलं, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर बंद होता. ते बटण घरूनच चालू करून निघा, विमानतळाच्या वायफायवर ओटीपीची वाट बघण्यात मजा नाही. आणि डिस्नेलँडच्या स्टेशनचं नाव लिहून ठेवा: मार्न-ला-व्हाले शेसी. 'पॅरिस' निवडलंत तर यंत्र तुम्हाला इमानेइतबारे पॅरिसला पाठवेल, आणि पॅरिस हे इथे चुकीचं ठिकाण आहे.

गाडीचा फलाट साधारण वीस मिनिटं आधी पडद्यावर लागतो. फलाटावर खांबांना अक्षरं असतात, आणि तुमचा डबा कोणत्या अक्षरापाशी येणार ते तिथल्या तक्त्यावर दिसतं. हे वाचून त्या खांबाशीच उभं राहायचं. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात आणि मग ती कोणासाठी उघडत नाहीत. लोकलच्या दारात आयुष्य गेलेल्या माणसांना "धावत पकडू" असं वाटतं. नाही पकडता येत.

आमची गाडी मार्सेलला जाणारी, दुमजली. जागा वरच्या मजल्यावर. अरुंद जिना, आईंचा गुडघा, आणि प्रवास दहा मिनिटांचा. आम्ही वर गेलोच नाही. खालच्या मजल्यावर एका रिकाम्या जागेवर आईंना बसवलं, मुलाला त्यांच्या शेजारी, आणि आम्ही दोघं सामानाच्या फळीपाशी बॅगांचे कान धरून उभे. तिकीट काढताना खालचा मजला मागता येतो, ते मला तेव्हा सुचलं नाही. डबा मात्र थंडगार, स्वच्छ, आणि बाहेर हिरवी शेतं इतक्या वेगाने मागे जात होती की मुलगा व्हॅनवाल्याला विसरला.

उतरताना खरी घाई. शेसी हे या गाडीचं शेवटचं स्टेशन नाही. गाडी थोडा वेळ थांबते आणि सरळ दक्षिणेला निघते. झोप लागली तर मिकीऐवजी ल्यों शहराचा परिसर बघायला मिळेल. म्हणून आठव्या मिनिटाला बॅगा दारात, आई दारात, पोर दारात. समोरच्या फ्रेंच आजोबांनी न सांगता एक बॅग खाली घेतली. "मर्सी" एवढंच येत होतं, ते चारदा म्हणून झालं.

स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की पार्कचं फाटक दिसतं. अतिशयोक्ती नाही, दोन मिनिटंसुद्धा चालावं लागत नाही. तिथूनच हॉटेलांच्या फुकट बस सुटतात, बसवर हॉटेलचं नाव असतं. आमचं हॉटेल सांता फे, म्हणजे डिस्नेच्या स्वस्तांतलं आणि पार्कपासून लांबच्यांतलं. बस पंधरा मिनिटांत आली. हात रिकामे असतील तर वीसेक मिनिटं चालतही जाता येतं, ओढ्याकाठची वाट छान आहे. आम्ही ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाललो, आई सोडून.

आईंचा हिशोब: ट्रॉलीतून खाली एक, गाडीत दोन, फळीवर तीन, फलाटावर चार, बसमध्ये पाच, बसमधून सहा. "सहा उचली," त्यांनी रिसेप्शनच्या रांगेत जाहीर केलं, "पण उभं राहायला लागलं नाही, आणि कोणी फसवलं नाही." त्यांच्या तोंडून ही स्तुतीच.

दोन दिवसांनी माझे दीर आणि जाऊ आले. ते पैसे वाचवायला आरईआरने, म्हणजे तिथल्या उपनगरी गाडीने. विमानतळावरून बी मार्गाने शात्ले-ले-आलपर्यंत, तिथे बदलून ए मार्गाने थेट शेसी. २०२५पासून विमानतळाचं एकच तिकीट आहे, २०२५ मध्ये ते १३ युरोंना होतं, आणि त्यात गाडी बदलणं धरलेलं असतं. टीजीव्हीसाठी ते चालत नाही, तिचं तिकीट वेगळं. गाड्या भरपूर, आरक्षण नको, विमान उशिरा आलं तरी काही बिघडत नाही. ही तिची मोठी जमेची बाजू. पण वेळ दीड तासाच्या आसपास, आणि शात्ले-ले-आल म्हणजे जमिनीखालचं दादर समजा: जिने, बोळ, घाईतली माणसं. पाकीट पुढच्या खिशात ठेवायचं. शिवाय ए मार्गाला व्हँसेननंतर दोन फाटे फुटतात. दिरांनी पडद्याकडे न बघता समोर आलेली गाडी पकडली आणि नोज्याँला पोचल्यावर जावेच्या लक्षात आलं की आपण भलत्याच फाट्यावर आहोत. उलट व्हँसेनला येऊन पुन्हा बदलली. त्यांचा आकडा आईंनी विचारला. जाऊ म्हणाली, "आई, दहानंतर मोजायचं सोडलं." दोघंच असाल, हलकं सामान असेल, तर मी तरीही हीच गाडी सुचवेन. शेसी हे तिचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे योग्य फाट्यावर बसलात की निवांत झोपा. खर्चात कात्री लावायची असेल तर एक स्टेशन अलीकडे व्हाल द्युरोपला बरीच हॉटेलं आणि मोठा मॉल आहे. आम्ही तिथूनच दही आणि फळं आणली, पार्कातल्या भावांनी हबकून.

परतताना आम्ही विमानतळाची थेट बस घेतली, मॅजिकल शटल. हॉटेलच्या आवारातूनच सुटते, आधी बुकिंग करावं लागतं. चौघांचं भाडं व्हॅनच्या जवळपासच जातं. सामान बसच्या पोटात, आपण वर, उचली दोन. वाटेत इतर हॉटेलांवरून माणसं घेत जाते, म्हणून वेळ हातात ठेवून निघालो. टर्मिनल आधी नीट बघून ठेवा, कारण बस एकेका टर्मिनलवर थांबत जाते आणि चुकीच्या ठिकाणी उतरलात तर पुन्हा बॅगा आणि पुन्हा शोधाशोध. सामान जास्त आणि सोबत म्हातारं माणूस असेल, तर येतानाही मी आता हीच बस घेईन. सकाळी उतरून दुपारपर्यंत पार्कात पोचायची घाई असेल आणि गाडीची वेळ जुळत असेल, तर टीजीव्ही. व्हॅन घ्यायचीच असेल तर टर्मिनलच्या आकड्याबरोबर अक्षरही लेखी कळवा, आणि मूल दहा वर्षांच्या आतलं असेल तर त्याची सीट आहे का ते विचारा, फ्रान्सचा तसा नियम आहे. आमच्या बुकिंगमध्ये ते विचारलंच नव्हतं, आता आठवलं की वाटतं ती व्हॅन आली नाही तेच बरं.

व्हॅनचे पैसे मात्र अजून परत आलेले नाहीत. दर पंधरवड्याला मी एक ईमेल टाकते, आणि "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असं उत्तर येतं. परवा आईंनी विचारलं, "किती झाले गं?" मला वाटलं युरो विचारतायत. त्या ईमेल मोजत होत्या.