डाग खाली, गळती वर: यूव्ही डाय आणि नव्या पॅकिंगचा 10 महिन्यांचा अनुभव

ऑइलची गळती शोधायचा यूव्ही डायचा (ऑइलमध्ये मिसळायचा, अतिनील उजेडात चमकणारा रंग) किट घेऊन 10 महिने झाले. त्यानंतर गाडी साधारण 9,000 किलोमीटर चालली. हे पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर वैतागून दोन दिले असते. आज चार देतोय, आणि कापलेला एक तारा खरं तर माझ्याच खात्यातला आहे.

गाडी 16 वर्षांची. पेट्रोल, चार सिलिंडर, इंजिन आडवं बसवलेलं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका गॅस बाहेर नेणारा तापलेला पाइप) मागे, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या बाजूला. गळती आधी नाकाला कळली. सिग्नलला थांबलं की ब्लोअरमधून जळक्या तेलाचा वास यायचा, गाडी पळायला लागली की जायचा. मग उभ्या गाडीखाली डाग दिसायला लागला. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत माझ्या गाडीत सुमारे एक लिटरचा फरक आहे. 1,500 किलोमीटरमध्ये तेल वरच्या खुणेवरून निम्म्यापर्यंत उतरत होतं.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली, खालून टॉर्च मारला आणि मिनिटभरात निकाल लागला: "मागचं क्रँक सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवतोच आहोत तर क्लचप्लेटही टाकून घ्या." हे सील म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनातून गिअरबॉक्सकडे बाहेर पडतो तिथली रबरी कडी. मेकॅनिक खोटं बोलत नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथल्या खालच्या भोकातूनच थेंब पडत होता, मलाही दिसला. पण काम एवढं मोठं, आणि पुरावा काय तर एक थेंब. "विचार करून सांगतो" म्हणून मी गाडी काढली.

विचार करायच्या आधी एक आळशी उपाय करून पाहिला, तो म्हणजे गळती बंद करणारी बाटली. ऑइलमध्ये ओतायची आणि विसरून जायचं. त्यातलं द्रव्य कडक झालेल्या रबरी सीलना थोडं मऊ करतं, थोडं फुगवतं. फिरत्या शाफ्टवरचं सील नुसतं आक्रसलं असेल आणि तेल पाझरत असेल, तर फरक पडू शकतो. रबर फाटलं असेल, पॅकिंग चपटं होऊन बसलं असेल किंवा गळती सिलिकॉनच्या जोडातून असेल, तर ती बाटली काय करणार? माझ्याकडे सहा आठवड्यांत वासही तोच आणि डागही तेवढाच. बाटलीला शिव्या घालत नाही. ज्या आजाराचं निदानच झालं नव्हतं त्यावर मी औषध घेतलं होतं. जाडं ऑइल घालायचा सल्लाही मिळाला. तो मी घेतला नाही. थंड इंजिन सुरू होताना तेल लवकर वर पोचायला हवं, त्याचा बळी देऊन डाग थोडा लहान करण्यात मला अर्थ वाटला नाही.

मग किट घेतला. पिवळट रंगाची 30 मिलिलिटरची बाटली, एक यूव्ही टॉर्च आणि पिवळ्या काचांचा चष्मा. डाय टाकायच्या आधी इंजिन धुणं गरजेचं आहे, आणि बरेच लोक हीच पायरी गाळतात. 16 वर्षांची चिकट माती तशीच ठेवली तर नवं तेल तिच्यात मुरतं आणि सगळीकडे थोडं थोडं चमकतं. मी इंजिन गार पडल्यावर डीग्रीझर मारला, ब्रशने घासलं, अल्टरनेटर आणि कॉइलवर प्लास्टिक बांधलं आणि साध्या पाइपने धुतलं. प्रेशर वॉशर वापरला नाही, त्याचं पाणी कनेक्टरमध्ये घुसतं.

धुतल्यावर सोपे संशयित आधी तपासले. ऑइल फिल्टरचा रबरी वॉशर नीट बसलाय का, ड्रेन बोल्ट ओला आहे का, ऑइल प्रेशर स्विचच्या प्लगमध्ये तेल आलंय का. प्रेशर स्विच फार फसवतो. त्याच्या आतला पडदा फाटला की तेल थेट वायरच्या कनेक्टरमधून बाहेर येतं आणि ब्लॉकवरून खाली ओघळतं. माझा कोरडा होता. फिल्टरच्या बाबतीत आणखी एक: जुन्या फिल्टरचा वॉशर कधी कधी ब्लॉकलाच चिकटून राहतो. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन वॉशर एकावर एक बसतात, आणि मग तेल पाझरत नाही, धो धो वाहतं.

डाय ओतताना पहिली चूक केली. बाटलीच्या तोंडाचा एक थेंब टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर सांडला. तो पुसल्यासारखा वाटला, पण रात्री टॉर्च मारल्यावर अख्खं कव्हर दिवाळीसारखं उजळलं. पुन्हा पुसा. फनेल वापरा आणि झाकणाभोवती फडकं गुंडाळा, एवढं सांगून पुढे जातो.

दुसरा गोंधळ कूलंटचा. रेडिएटरच्या पाइपाचा जोड हिरवा चमकला आणि तासभर माझी झोप उडाली. बऱ्याच कूलंटमध्ये चमकणारा रंग मुळातच असतो. डाय मिसळलेलं ऑइल पिवळट हिरवं आणि तेलकट दिसतं, वाळलेलं कूलंट पावडरसारखं. किटमधली टॉर्च साधारण 395 नॅनोमीटरची निघाली. तिचा जांभळा उजेडच इतका असतो की बारीक ओघळ त्यात हरवतो. 365 ची टॉर्च घेतली असती तर बरं झालं असतं. चष्म्याने मात्र खरंच फरक पडतो, तो खेळणं समजून बाजूला टाकू नका.

10 किलोमीटर चालवून पाहिलं, काहीच नाही. 80 किलोमीटरनंतर रात्री दिवे घालवून पुन्हा बसलो. खालून पाहिलं तर भोकाशी चमक होतीच, म्हणजे मेकॅनिकचंच म्हणणं खरं ठरत होतं. पण ओघळ वर कुठवर जातोय ते बघत बघत गेलो. गिअरबॉक्सच्या माथ्यावर चमक, त्याच्या वर ब्लॉकच्या कडेला चमक, त्याही वर हेडच्या (ब्लॉकवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) मागे. शेवटी मोबाइल व्हिडिओवर ठेवून फायरवॉल आणि इंजिनच्या मधल्या फटीत हात घातला. रेकॉर्डिंगमध्ये दिसलं: टॅपेट कव्हरचा मागचा, गिअरबॉक्सकडचा कोपरा. तिथून तेल निघत होतं, काही थेंब मॅनिफोल्डवर पडून जळत होते (हाच तो वास), उरलेलं हेडच्या पाठीवरून उतरून बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सचं इंजिनाला जुळणारं कवच) साचत होतं आणि भोकातून टपकत होतं. क्रँक सील गळालं असतं तरी थेंब अगदी तिथेच पडला असता.

तेल उतारानेच जाणार, आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जाणार. म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. हे मी आधीही वाचलं होतं, तरी खालच्या डागाकडेच बघत बसलो होतो.

टॅपेट कव्हर उघडलं तेव्हा पॅकिंग हातात तुटलं. रबर राहिलंच नव्हतं, काळं प्लास्टिक झालं होतं. गोल असायला हवी ती कड चपटी झालेली, नख रुतत नव्हतं. तीन नंबरच्या प्लगच्या नळीतही तेल होतं, म्हणून प्लगच्या नळ्यांची सीलही सोबत बदलली. ती वेगळी मिळतात, पॅकिंगच्या पाकिटात असतीलच असं नाही. तेल तसंच राहिलं तर कॉइलचं रबर फुगतं आणि इंजिन मिस मारायला लागतं.

हेडवर पॅकिंग बसतं ती जागा साफ करायला लोखंडी खरवडणी नको, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवी गळती तयार. प्लास्टिकची पट्टी आणि ब्रेक क्लीनर पुरलं. हेड आणि टायमिंग कव्हर जिथे जुळतात त्या दोन कोपऱ्यांवर सिलिकॉनचा छोटा थेंब, बाकी पॅकिंग कोरडंच. अख्ख्या पॅकिंगवर सिलिकॉन फासायची सवय मला पटत नाही. जास्तीचं आत ढकललं जातं, सुटतं आणि ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतं. रात्रभर वाळू दिलं आणि मग इंजिन सुरू केलं. वास गेला, गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा. पाच तारे इथले.

पाच आठवड्यांनी त्याच कोपऱ्यावर पुन्हा ओल. थेंब नाही, नुसती तेलाची वाफ धरावी तशी. आणि इथे मी तो मूर्खपणा केला. "बोल्ट ढिले राहिले असतील" म्हणून पाना लावला आणि आवळला. माझ्या कव्हरचे बोल्ट एम6 (6 मिलिमीटरचे), टॉर्क म्हणजे आवळायचा जोर जेमतेम 10 न्यूटन मीटर. शिवाय बोल्टला खांदा आहे. तो हेडला टेकला की पुढे कितीही आवळा, पॅकिंगवरचा दाब वाढतच नाही, फक्त बोल्ट ताणला जातो. हातात एकदम हलकं लागलं आणि कळलं की आटे गेले. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये. ते भोक मोठं करून आत स्टीलच्या तारेचे आटे बसवून घ्यावे लागले. सोबत हातात मावेल असा छोटा टॉर्क पाना घेतला. या सगळ्या खरेदीतली सर्वांत कामाची वस्तू कोणती विचाराल तर तोच, डाय नाही.

डाय जागा दाखवतो. तिथून तेल का निघतंय, हे त्याला विचारून उपयोग नाही. नवं पॅकिंग, साफ जागा, बरोबर टॉर्क, तरी ओल. मग आतून कुणीतरी ढकलतंय. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतोच, नव्या इंजिनातही. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या छोट्या झडपेतून इनटेककडे (इंजिनात हवा जाते त्या वाटेकडे) परत खेचला जायला हवा. ती वाट बंद झाली की आत दाब साठतो आणि सगळ्यात कच्च्या सांध्यातून तेल बाहेर ढकलतो.

तपासणी अगदी घरगुती. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा रबरबँडने बांधला. निरोगी इंजिनात तो किंचित आत ओढला जातो. माझा हळूहळू फुगला आणि पाच बोटं वर करून उभा राहिला. व्हॉल्व्ह काढून हलवला तर आतून खुळखुळ नाही, चिकटून गच्च. त्याच्या पाइपात पिवळसर लोण्यासारखा थर, म्हणजे तेल आणि पाण्याची वाफ. रोजच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नसेल तर हे होतं. व्हॉल्व्ह बदलला, कडक झालेला पाइपही बदलला, कोपरा पुसून घेतला. पॅकिंगला हात लावला नाही.

त्याला आता सात महिने झाले. मोजा आत ओढला जातो, कोपरा कोरडा आहे, गिअरबॉक्स अजून जागेवर आहे. कधी कधी वाटतं, जुनं पॅकिंगही या दाबामुळेच लवकर गेलं असेल का? 16 वर्षांच्या रबराला तेवढंच एक कारण पुरेसं नसावं, पण हातभार नक्की असणार. तुमच्याकडे जुन्या गाडीत पॅकिंग बदलायला काढलं असेल, तर त्याच दिवशी पीसीव्ही हलवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. डिपस्टिक अजूनही थोडी उतरते, दोन ऑइल बदलांच्या मधे पाव लिटरच्या आसपास. बाहेर टपकण्याइतकी ओल कुठेच नाही, म्हणजे हे तेल जळतंय, रिंगांतून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून. पूर्वी मी गळणं आणि जळणं एकाच हिशेबात धरत होतो, त्यामुळे गळती होती त्याहून मोठी वाटायची. इतकं तेल मी भरत राहीन, त्यासाठी इंजिन उघडणार नाही.

डायने इंजिनाला काही त्रास दिला असं जाणवलं नाही. ऑइल बदललं की तोही बहुतेक निघून जातो, पण बाहेर लागलेला पुसला नाही तर महिनोन्महिने चमकत राहतो आणि पुढच्या वेळी फसवतो. ऑइल बदलायच्या आधी शेवटचा म्हणून टॉर्च मारला, तर ड्रेन बोल्टभोवती पिवळट हिरवी बारीक कडी दिसली. तांब्याचा तोच वॉशर मी दोनदा वापरला होता. या वेळी नवा टाकलाय, आणि पुठ्ठा अजून गाडीखालीच आहे.